पुण्याचा शिवपुतळा : एका स्मारकाची कथा

सन १९२१ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १७ तारखेस इंग्लंडचे युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. बंदरावर त्यांचें स्वागत थाटानें झालें. शहरांत मात्र विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, हरताळ पडला आणि दंगलीस तोंड लागून कांहीं दिवस रक्तपात चालू राहिला. या धामधुमींतच दोन दिवसांनीं, म्हणजे १९ तारखेस, युवराज पुण्यास आले आणि भांबुर्ड्यास त्यांच्या हातून एका स्मारकाची कोनशिला बसली. स्मारक होतें श्रीशिवछत्रपतींचें !

ज्या पुरुषानें परक्यांची सत्ता झुगारून स्वराज्य स्थापिलें, त्याच्या स्मारकाचा पहिला दगड परक्या राज्याच्या वारसानें बसवावा, हा योग विलक्षण खरा. या कोनशिलेवर पुढें जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो आज शंभरीच्या घरांत आला आहे. त्याची हकीकत पाहूं लागलें म्हणजे एक प्रश्न वारंवार पुढें येतो. स्मारकाचा खरा धनी कोण ? पैसा देणारा, पडदा उघडणारा, धातूला आकार देणारा, कीं समोरून जातांना नकळत हात जोडणारा ?

थोरांची आठवण दगडांत राखण्याची चाल महाराष्ट्राला नवी नाहीं. गांवोगांवच्या देवळांपाशीं, वेशीपाशीं वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटींत झुंज, मधल्या चौकटींत अप्सरा वीराला स्वर्गास नेत आहेत, आणि वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें हात जोडून बसला आहे, अशी त्यांची ठेवण. त्या दगडावर वीराचा चेहरा ओळखूं येत नाहीं आणि बहुधा नांवही नसतें; परंतु गाई राखतांना किंवा गांवासाठीं कोणी पडला, एवढी खूण तेथें कायम राहते. थोर पुरुषांसाठीं समाधि, छत्री, वृंदावन बांधीत. सिंधुदुर्ग किल्ल्यांत राजाराम महाराजांनीं आपल्या पित्याचें मंदिर उभारलें. शिवराजेश्वर या नांवानें तेथें महाराजांची मूर्ति आजही पूजिली जाते. हा आपला जुना प्रघात. माणूस मोठा झाला कीं त्याला गाभाऱ्यांत नेऊन बसवावयाचें.

चौकांत, उघड्या आभाळाखालीं, उंच चौथऱ्यावर माणसाची हुबेहूब प्रतिमा उभी करावी, ही रीत मात्र इंग्रजांबरोबर आली. मुंबईंत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ सालीं बसला. तो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनीं दिला होता. १८७९ सालीं सर आल्बर्ट ससून यांनीं युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा दिला. त्याच्या धातूच्या काळसर रंगावरून लोक त्या जागेला काळा घोडा म्हणूं लागले, आणि स्वाराचें नांव मागें पडून घोड्याचें नांव उरलें. पुतळा १९६५ सालीं तेथून हलविला, तरी जागेचें नांव गेलें नाहीं. राणीच्या पुतळ्याला १८९६ सालीं रात्रीं कोणी डांबर फासलें. तें कृत्य आपलें होतें, असें दामोदर चाफेकरांनीं पुढें कबूल केलें. पुतळा हा निव्वळ शोभेचा दगड नव्हे, तो राज्यकर्त्यांचा बोलता हुकूम आहे, हें राज्य करणाऱ्यांस जितकें कळत होतें तितकेंच डांबर फासणाऱ्यांसही कळत होतें.

त्या काळांत शिवछत्रपतींची समाधि कोणत्या स्थितींत होती ? १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांनीं रायगड उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतर समाधीवर झाडी माजली. जोतीराव फुले यांनीं १८६९ सालीं महाराजांवर पवाडा रचिला. १८८३ सालीं जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें समाधीच्या दुर्दशेबद्दल मराठ्यांस बोल लाविला, आणि तो बोल लोकांच्या जिव्हारीं लागला. १८९५ सालीं टिळकांनीं केसरींतून समाधीच्या जीर्णोद्धारासाठीं हांक दिली व वर्गणी जमूं लागली. १८९६ सालीं रायगडावर उत्सव झाला. प्रत्यक्ष जीर्णोद्धार व्हावयास मात्र १९२६ साल उजाडलें. ज्या पुरुषाचें नांव घराघरांत होतें, त्याच्या समाधीवर नीट दगड बसावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं !

पुण्याच्या स्मारकाची कल्पना कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची. १९०२ सालीं आपल्या संस्थानांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या सरकारी जागा राखून ठेवणारे हे राजे. शिवाजी महाराजांचा वारसा कोणा एका वर्गाच्या हातीं राहूं नये, तो समस्त रयतेचा व्हावा, या बाजूचे ते होते. १९१७ सालीं स्मारकासाठीं अखिल भारतीय संस्था निघाली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे तींत पुढें झाले. इंग्रज सरकारशीं सलोखा राखून आपल्या प्रजेची उन्नति साधावी, हा त्या राजांचा मार्ग होता, आणि पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींनीं रक्त सांडलें होतें. त्याच भेटींत युवराजांनीं पुण्यांत मराठा युद्धस्मारकाचीही कोनशिला बसविली. ज्यांना असहकार प्रिय होता त्यांना हें रुचणें शक्य नव्हतें. एकाच शिवाजी महाराजांच्या नांवानें एक पक्ष साम्राज्याशीं झुंजत होता आणि दुसरा साम्राज्याच्या वारसाला सोहळ्यास बोलावीत होता. दोघांनाही तें नांव हवें होतें, कारण त्या नांवावांचून महाराष्ट्रांत कोणाचें पान हालत नव्हतें.

कोनशिला बसली, पण पुतळा लवकर उभा राहिला नाहीं. १९२२ च्या मे महिन्यांत शाहू छत्रपति वारले. १९२५ सालीं माधवराव शिंदे यांचें देहावसान झालें. मध्यंतरीं पुण्यांत पुतळ्यांवरून वातावरण तापत होतें. १९२४ सालीं मंडईंत टिळकांच्या पुतळ्याचें अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. पुढच्याच सालीं केशवराव जेधे यांच्या पक्षानें जोतीराव फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रश्न नगरपालिकेंत आणिला आणि तो फेटाळला गेला. कोणाचा पुतळा बसावा आणि कोणाचा बसूं नये, या वादांत शहर दुभंगलें होतें. अशा वेळीं ज्याच्यापुढें दोन्ही बाजूंच्या माना लवतील असा एकच पुरुष होता, आणि त्याचा पुतळा अद्याप धातूंत उतरावयाचा होता.

तें काम विनायक पांडुरंग करमरकर यांच्या हातून व्हावयाचें होतें. मुंबईच्या समोर खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यांत सासवणें नांवाचें नारळी-पोफळींत दडलेलें गांव आहे. तेथें १८९१ सालीं त्यांचा जन्म झाला. लहानपणीं त्यांनीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचें चित्र काढलें होतें. कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असतां तें त्यांच्या दृष्टीस पडलें, आणि या गुणी मुलाला त्यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत पाठविण्याची व्यवस्था केली. पुढें करमरकरांनीं कलकत्त्यास राहून शिल्पकाम केलें, लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिक्षण घेतलें, आणि भिंतीवर कोळशानें वा रंगानें ज्याचें रूप शोधलें होतें त्याच पुरुषाला धातूंत उभें करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. दैवयोग असे कीं देवळाच्या भिंतीवरचें तें चित्र प्रथम ओळखणारा इंग्रज, कोनशिला बसविणारा इंग्रज आणि पुढें पडदा दूर करणाराही इंग्रजच. पण जें चित्र त्या मुलाच्या डोळ्यांपुढें होतें, तें त्याला कोणा इंग्रजानें दिलें नव्हतें.

शिल्पकारापुढें पहिली अडचण रूपाची होती. महाराज दिसत कसे ? १६६४ च्या जानेवारींत सुरतेच्या इंग्रज वखारींतील पाद्री एस्कॅलियट यानें मायदेशीं लिहिलेल्या पत्रांत, ज्यांनीं महाराजांस पाहिलें होतें त्यांच्या सांगण्यावरून, एक वर्णन दिलें आहे. मध्यम उंची, सरळ आणि प्रमाणबद्ध बांधा, चपळ व भेदक दृष्टि, बोलतांना मुखावर स्मित, आणि आपल्या लोकांत उजळ वर्ण. शब्दांतलें हें चित्र सुरेख आहे. पण शब्दांवरून नाक-डोळे घडवितां येत नाहींत. शिवाय त्या काळीं भलत्याच पुरुषाचें चित्र महाराजांचें म्हणून छापलें जात होतें. ती चूक वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं अस्सल चित्र पुढें आणून दूर केली. पुतळा तर त्याच्या पांच वर्षें आधींचा.

दुसरी अडचण मापाची. मध्यम उंचीचा पुरुष उंच चौथऱ्यावर त्याच मापानें बसविला तर खालून पाहणाराला तो बाहुल्यासारखा दिसेल. म्हणून सारीं मापें वाढवावीं लागतात, आणि दृष्टि खालून वर जात असल्यामुळें मस्तकाचें प्रमाणही जपून ठरवावें लागतें. तिसरी अडचण घोड्याची. मराठ्यांच्या दौडीचा खरा आधार म्हणजे भीमथडीचीं ठेंगणीं, काटक तट्टें. कडा चढणारीं, मूठभर चाऱ्यावर मजल मारणारीं. परंतु तेंच तट्टू जसेंच्या तसें चौथऱ्यावर चढविलें तर स्वाराचे पाय जमिनीस लागतील कीं काय असें वाटेल. करमरकरांनीं घोडा भरदार घेतला, पण उधळलेला घेतला नाहीं. स्वार आपल्या बैठकींत ताठ आणि शांत आहे. युद्धाच्या गर्दींतला हा क्षण नाहीं. जाण्याचें ठिकाण ठरलेलें आहे आणि तेथें पोंचण्याविषयीं मनांत शंका नाहीं, अशा राजाचें हें मार्गस्थ होणें आहे. चेहऱ्याचा पुरावा तोकडा होता, तेथें शिल्पकारानें स्वभावाचा आधार घेतला.

चवथी अडचण सर्वांत कठीण, ती धातूची. असा पुतळा प्रथम मातींत घडवितात. आंत लोखंडाचा सांगाडा, वर ओली माती. माती सुकून तडकूं नये म्हणून तीवर ओलीं फडकीं घालून ती सारखी जपावी लागते. मातीवरून प्लॅस्टरचा साचा काढतात आणि शेवटीं ओतकामाचा साचा तयार करतात. त्यांत धातूचा रस जाण्यास वाटा आणि कोंडलेली हवा निघण्यास भोकें ठेवावीं लागतात. तांबें व कथील यांचा रस सुमारें हजार अंश सेंटिग्रेड उष्णतेला वितळतो. तो एकदां साच्यांत वाहूं लागला म्हणजे थांबवितां येत नाहीं. रस मध्येंच संपला, हवा आंत कोंडली किंवा साचा एके ठिकाणीं फुटला, तर महिन्या-महिन्यांची मेहनत घटकाभरांत वायां जाते. म्हणूनच मोठे पुतळे बहुधा तुकड्या-तुकड्यांनीं ओतून मग सांधतात. करमरकरांचा पुतळा एकसंध ओतला गेला. उंची सुमारें साडेतेरा फूट आणि वजन सुमारें ८ टन. घोड्यासकट एवढा भार अखेर त्याच्या पायांवर तोलावयाचा असतो. मागचा-पुढचा तोल जरा चुकला तर पुतळा उभा राहूनही सदैव पडूं पाहत असल्यासारखा दिसतो.

एवढ्या मोठ्या ओतकामाची भट्टी कलाशाळेंत मिळण्यासारखी नव्हती. तें काम मुंबईच्या माझगांव गोदींत झालें, जेथें जहाजें बांधावयाचीं व दुरुस्त करावयाचीं. कल्याण-भिवंडीस जहाजें बांधवून ज्यानें मराठ्यांस समुद्र दाखविला, त्या राजाची मूर्ति जहाजांच्या कारखान्यांत ओतली जावी, हाही एक योगायोगच. तेथून ती घाट चढून पुण्यास आली.

१९२८ च्या जून महिन्याच्या १६ तारखेस मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें पुतळ्याचें अनावरण झालें. कोनशिलेपासून साडेसहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. समारंभ सरकारी इतमामाचा होता; परंतु समारंभ एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवसापासून पुतळा लोकांचा झाला. भांबुर्डें हें गांवाचें जुनें नांव लोपून तेथें शिवाजीनगर हें नांव रूढ झालें. १९३२ सालीं त्या परिसरांत सैनिकी शिक्षणाची शाळा निघाली, आणि पुतळ्याच्या छायेंत मुलांच्या कवायती सुरू झाल्या. युवराजांची कोनशिला शोधीत तेथें कोणी जात नाहीं.

ज्या गव्हर्नरांनीं पुण्यांत पडदा दूर केला, त्यांच्या नांवाशीं पुतळ्यांची दुसरी एक कथा जोडलेली आहे, ती कोल्हापुरास घडली. तेथें भर वस्तींत सर लेस्ली विल्सन यांचाच पुतळा बसविलेला होता. १९४२ चें आंदोलन पेटलें तेव्हां दोन स्त्रियांनीं पुढें होऊन तो विद्रूप केला, आणि पुढच्या सालीं क्रांतिकारकांनीं तो फोडला. त्या रिकाम्या जागीं पुन्हां परका पुतळा बसूं नये म्हणून चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकर पुढें झाले. बाबूराव पेंटर हे चित्रपटसृष्टीचे एक आद्य पुरुष खरे, पण चित्रकार आणि शिल्पकार आधीं. त्यांनीं थोड्या दिवसांत शिवछत्रपतींचा अर्धपुतळा घडविला, आणि १९४५ सालीं तो त्या जागीं बसला. त्या जागेला आज शिवाजी चौक म्हणतात. एका पुतळ्याला साडेसहा वर्षें लागलीं, दुसरा थोड्या दिवसांत झाला. एक राजांनीं उभारला, दुसरा रहिवाश्यांनीं. दोन्ही टिकले. विल्सनसाहेबांनीं ज्याच्यावरील पडदा ओढला तो राहिला, आणि त्यांचा स्वतःचा गेला.

मुंबईंतही असेंच घडलें. अपोलो बंदरावर, जेथें १९२१ सालीं युवराज उतरले, तेथें त्यांच्या पित्याचा, पंचम जॉर्ज बादशहांचा, पुतळा होता. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं स्थापन झालें, आणि २६ जानेवारी १९६१ रोजीं त्याच जागीं शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें. तत्पूर्वीं ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं प्रतापगडावरील पुतळ्याचें अनावरण पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं केलें, तेव्हां संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं हजारोंनीं काळीं निशाणें दाखविलीं. स्वराज्य आलें तरी प्रश्न तोच राहिला. पडदा कोणी दूर करावा, आणि त्या वेळीं कोणाचें गाऱ्हाणें ऐकूं यावें ? महाराजांच्या नांवानें सत्ता बोलूं लागली कीं त्याच नांवानें रयतही बोलूं लागते. यांत पुतळ्याचा अपमान नाहीं; उलट तो जिवंत असल्याची ती खूण आहे.

लोकांची निष्ठा असली म्हणजे धातूची फिकीर नको, असें मात्र कोणीं समजूं नये. मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट किल्ल्यांत ४ डिसेंबर २०२३ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें महाराजांच्या एका भव्य पुतळ्याचें अनावरण झालें, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं, नऊ महिनेही पुरते झाले नसतां, तो कोसळला. पुढें २०२५ सालीं तेथें नवा पुतळा उभा राहिला, परंतु त्या दिवशीं महाराष्ट्राच्या मनाला जो चटका बसला तो विसरण्यासारखा नाहीं. राजकोटच्या समोर समुद्रांत सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ सालीं त्याचा पाया घातला आणि तो पुरा व्हावयास तीन वर्षें लागलीं. पायाच्या चिऱ्यांत शिसें ओतल्याचें सांगतात. साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ त्याच लाटा त्या तटावर आदळत आहेत. ज्यानें असा पाया घातला त्याचें स्मारक करावयाचें तर पायाची चिंता आधीं आणि उंचीची मागाहून, हें कोणी वेगळें सांगावयास नको. तो किल्ला हेंच एक स्मारक आहे, आणि त्याच्या पोटांत शिवराजेश्वराचें तें लहानसें मंदिर आहे.

पुण्याच्या पुतळ्याची उंची आजच्या भव्य संकल्पांपुढें फार मोठी नाहीं. साडेतेरा फूट म्हणजे दुमजली वाड्याच्या आढ्याइतकेंही नव्हे. तो उंचीमुळें टिकला नाहीं. ज्या शिल्पकाराला आपला विषय लहानपणापासून डोळ्यांपुढें दिसत होता त्यानें तो घडविला. ज्या कारागिरांना आपला धंदा येत होता त्यांनीं तो ओतला. आणि ज्यांना त्या पुरुषाची ओढ होती त्यांनीं तो आपला मानला. या तिहींपैकीं एक जरी उणें असतें तर युवराजांची कोनशिला ही केवळ कोनशिलाच राहिली असती.

पावसाळ्याच्या प्रारंभीं त्याचें अनावरण झालें होतें. तेव्हांपासून कितीएक पावसाळे त्या घोड्याच्या पाठीवरून वाहून गेले. राज्यें बदललीं, सभोंवतालचें माळरान जाऊन तेथें मोठी वस्ती झाली, गांवाचें नांव गेलें. घोडा आपल्या जागीं उभा आहे, आणि शाळेला जाणारीं मुलें त्याच्याकडे मान वर करून पाहतात. हा कोणीं उभारला, असें तीं विचारीत नाहींत. हा कोण, हें त्यांना ठाऊक असतें.